तुझं ओरिजिन कोणतं भो?

पुण्यात शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातला अर्धा मजला म्हणतो, "गावाला चाललोय." माझं गाव भडगाव, शेजारच्याचं सांगोला. शब्द एकच, बस वेगळी. गिटमधलं 'ओरिजिन' तसंच आहे.

ज्या सर्व्हरवरून क्लोन करतो, त्याला गिट आपणहून 'ओरिजिन' म्हणतं. पण हे नाव फक्त आपल्या लॅपटॉपवर राहतं. पुश केलं तरी दुसऱ्याकडे जात नाही. कंपनीची रेपो थेट क्लोन करणाऱ्याचं ओरिजिन कंपनीची रेपो. आपला फोर्क क्लोन करणाऱ्याचं ओरिजिन तो फोर्क.

माझ्या एका जुन्या टीममध्ये याचा भुर्दंड नव्या पोराला पडला. सीनियरने चॅटवर लिहिलं, "फिक्स ओरिजिनला पुश कर." त्याने केला, स्वतःच्या फोर्कवर. रात्री रिलीज फिक्सशिवाय गेलं. सकाळी कॉलवर पंधरा जणांसमोर विचारणा झाली. "केलं होतं सर," एवढंच तो म्हणत राहिला, आणि खोटारडा ठरला. शेवटी स्क्रीन शेअर करून रिमोटची यादी पाहिली, तेव्हा कळलं की दोघंही खरं बोलत होते.

आमच्याकडे हा प्रश्न जुनाच. पाचोरा-भडगाव पट्ट्यात नुसतं 'बांबरुड' म्हणा, समोरचा विचारणार, "कोणतं भो, राणीचं का महादेवाचं?" कुऱ्हाड म्हटलं तर बुद्रुक की खुर्द? हे जोडशब्द शोभेचे नाहीत. पाहुणा चुकीच्या फाट्यावर उतरू नये म्हणून आहेत.

रिमोटलाही मालकाचं नाव द्यावं: 'कंपनी', 'क्लायंट', 'माझाफोर्क'. 'नवा' देऊ नये; दोन वर्षांत तो जुना होतो. 'गिट रिमोट रिनेम' ही एक कमांड पुरते. डिसेंबर २०२० मधल्या २.३० आवृत्तीपासून क्लोनसाठीचं ठरलेलं नावही सेटिंगमध्ये बदलता येतं. काही स्क्रिप्ट 'ओरिजिन' गृहीत धरतात, त्या आधी तपासाव्या. 'ओरिजिन म्हणजे आपला फोर्क, अपस्ट्रीम म्हणजे मूळ रेपो' हा ओपन सोर्समधला रिवाजही चालतो, पण सगळ्यांनी पाळला तरच. आणि चॅटवर सांगताना रेपोचा पूर्ण पत्ता लिहावा.

त्या पोराची माफी कोणी मागितली नाही. रिमोटची नावं मात्र त्याच आठवड्यात रीडमीमध्ये आली. ती त्यानेच लिहिली.