चालत्या घरांतले अनाहूत पाहुणे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना व न्यू मेक्सिको या चार संस्थानांच्या सीमा जेथें एका बिंदूंत मिळतात, तो मुलूख हिंडावयास मोटारघरासारखें सोयीचें वाहन नाहीं. बिछाने, चूल, शीतपेटी व न्हाणी एवढा संसार चाकांवर घेऊन आम्ही त्या तांबड्या पठारावरून दहा दिवस फिरलों. मॉन्युमेंट व्हॅलीचे एकाकी सुळके व मेसा व्हर्डेच्या कड्यांच्या कपारींत बांधलेलीं प्राचीन दगडी घरें यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें या प्रवासांत नित्य बाळगाव्या लागणाऱ्या एका दक्षतेविषयीं.

या पठारावर ‘डियर माऊस’ नांवाचा उंदीर असतो. पाठ तपकिरी, पोट व पाय पांढरे, डोळे टपोरे. दिसावयास मोठा गोजिरवाणा. परंतु १९९३ सालच्या वसंतांत येथील धडधाकट तरुण माणसें एकाएकीं श्वास कोंडून दगावूं लागलीं, तेव्हां शोधाअंतीं या उंदराच्या अंगीं हंटा जातीचा विषाणु आढळला. आदल्या ऋतूंत पाऊस व बर्फ भरपूर पडून पिन्यॉन वृक्षाला उदंड बिया आल्या होत्या, आणि त्या खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढली होती. नव्हाहो वृद्धांनीं हा संबंध संशोधकांस आधींच सुचविला होता. उंदीर घराबाहेरचा, माणूस घरांतला. दोघांची सरमिसळ होऊं देऊं नये, ही त्यांची पूर्वापार शिकवण. आपल्या भूमीचें नांव रोगास चिकटूं नये असा स्थानिकांनीं आग्रह धरला, म्हणून विषाणूचें नांव ‘सिन नोम्ब्रे’ म्हणजे ‘निनांवी’ असें पडलें.

१८९६ च्या प्लेगानें उंदीर पडला कीं घर सोडावें, हें आपल्याला शिकविलें. येथें तशी इशारत मिळत नाहीं; कारण हा उंदीर स्वतः आजारी पडत नाहीं. त्याच्या लेंड्या व मूत्र वाळून धुळींत मिसळतें आणि ती धूळ श्वासावाटे आंत जाते. रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ३८ दगावतात, व त्यावर हुकमी औषध नाहीं. २०१२ सालीं योसेमिटी येथें दुहेरी भिंतींच्या तंबूंत राहिलेल्या प्रवाशांना ही बाधा झाली. दहा जण आजारी पडले, तिघे दगावले. उंदरांनीं भिंतींमधील पोकळींत घरटीं केलीं होतीं. मोटारघराच्या भिंतीही पोकळच असतात, हें विसरतां कामा नये.

म्हणून गाडी ताब्यांत येतांच आम्हीं प्रथम तिचा तळ पाहिला. पाण्याच्या नळ्या व विजेच्या तारा जेथून आंत शिरतात, तेथें बोटभर फट सहज असते. उंदराला तर शिसपेन्सिलीच्या जाडीएवढें भोंक पुरतें. नुसतें रबर वा फेस भरल्यास तो कुरतडतो, म्हणून स्टील वूल ठांसून वरून लांबी लावावी. हवेच्या झरोक्यांस बारीक तारेची जाळी बसवावी. तिनें गॅसच्या शेगडींत घर करणारे कोळी व गांधीलमाशाही अडतात. मुंग्या चाकांवरून, टेकूंवरून व पाण्याच्या नळीवरून चढतात. त्यांना वाट दाखविते ती सांडलेली साखरच. पीठ, पोहे, लाडू हें सारें घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, उष्टें रात्रीं गाडींत राहूं देऊं नये. विष घालूं नये. उंदीर भिंतींत मरून कुजतो. चापाचा सांपळा बरा.

लेंड्या आढळल्याच, तर केरसुणीला हात लावूं नये. झाडल्यानें धूळ उडते. दारें-खिडक्या अर्धा तास उघडून बाहेर थांबावें. मग हातमोजे घालून एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांनीं ती जागा भिजवावी, पांच मिनिटांनंतर कागदानें पुसून घ्यावी व हात साबणानें धुवावे.

रोज सकाळीं झाडलोट करणें ही आपल्या घरांची रीत. पण या पठारावर आधीं पाणी, मग केर, असा क्रम आहे. एवढें पथ्य पाळलें, तर चांदण्यांनीं गच्च भरलेल्या त्या आकाशाखालीं मुलांबाळांसह निर्धास्त निजावें.