टकळी

वर्गात दोन मुली एकसारख्या बोलू लागल्या म्हणजे आम्ही म्हणतो, "पुरे झाली तुमची टकळी!" मुली गप्प बसतात, परंतु ज्या वस्तूचे नाव घेऊन आम्ही त्यांना दटावले, ती त्यांतील बहुतेकींनी कधी पाहिलेलीही नसते. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षणपरिषदेनंतर सूतकताईला पुष्कळ शाळांत स्थान मिळाले, आणि टकळी व पेळू मुलांच्या दप्तरात पाटीशेजारी येऊन बसले. घरी आजी-पणजी असतील तर त्यांना विचारून पाहावे. एखादीच्या ट्रंकेत ती अजूनही सापडेल.

दिसावयास ती अगदी साधी. वीतभर लांबीची लोखंडी सळई, खालच्या टोकापासून थोडी वर बसविलेली पितळेची चकती, आणि वरच्या टोकास सूत अडकविण्यापुरता आकडा. एवढ्याशा साधनाकडून दोन कामे होतात. ते फिरते तेव्हा तंतूंना पीळ बसतो, आणि झालेले सूत मग त्याच सळईवर गुंडाळले जाते. कापसाचा एकटा तंतू बोटाच्या पेराएवढा आखूड आणि फुंकरीने उडून जाणारा. पण पीळ बसला की असे अनेक तंतू एकमेकांस घट्ट आवळून धरतात. चकती शोभेची नव्हे. तिच्या भारामुळे भोवऱ्याप्रमाणे गती टिकून राहते. मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीच्या अशा चकत्या पुष्कळ मिळाल्या आहेत. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीच्या हातीही हेच साधन आहे.

काम एकच, तर देशोदेशीच्या टकळ्या निरनिराळ्या का, असे कोणी विचारील. लोंबत्या टकळीचा सगळा भार नुकत्याच जन्मलेल्या सुतास सोसावा लागतो. लोकरीचे व जवसाचे तंतू लांब असतात. ते हा भार सहज सोसतात. म्हणून लोकर कातणाऱ्या मुलखांत जड लाकडी टकळ्या चालतात. तुर्की धाटणीच्या टकळीस तर चकतीच नसते. तिच्याऐवजी दोन पट्ट्या फुलीसारख्या बसविलेल्या असतात. सूत त्यांच्यावरून गुंडाळत जावे, शेवटी मधली काडी ओढून घ्यावी, पट्ट्या सरकवून काढाव्या, की हाती आयता गुंडा उरतो! आम्हांस या युक्तीचे फार कौतुक वाटते. कापसाचे तलम सूत मात्र असा भार सहन करीत नाही. तेथे टकळी हलकी हवी आणि तिचे टोक कशावर तरी टेकलेले हवे.

या बाबतीत ढाक्याच्या स्त्रियांची सर कोणास यावयाची नाही. त्यांच्या मलमलीच्या सुताची कृती जेम्स टेलर या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकात बारकाईने लिहून ठेवली आहे. त्यांची टकळी म्हणजे दहा ते चौदा इंच लांबीची सुईसारखी बारीक सळई. भारासाठी तिला कच्च्या मातीची लहानशी गोळी लावीत आणि टोक शिंपल्याच्या तुकड्यात टेकवून ती फिरवीत. कोरड्या हवेत असे सूत तुटते. म्हणून त्या ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी कातीत, आणि हवा फारच कोरडी असली तर पाण्याच्या भांड्यावर धरून कातीत.

चरख्याची चाती म्हणजे आडवी निजविलेली टकळीच. चाकाचा एक फेरा झाला की माळेने जोडलेली चाती अनेक फेरे घेते, म्हणून काम झपाट्याने होते. बंगालच्या पुष्कळ घरांत दोन्ही साधने असत, आणि त्यांवर एक कुटुंब कसे जगे हे एका पत्रावरून कळते. बंगालातील श्रीरामपूरच्या (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) मिशनऱ्यांनी १८१८ साली सुरू केलेल्या 'समाचार दर्पण' या पत्रात १८२८ साली शांतिपूरच्या एका विधवेची कैफियत छापून आली. बाविसाव्या वर्षी तिचा पती वारला. पदरी तीन मुली, वृद्ध सासूसासरे. होते ते दागिने श्राद्धात गेले. तेव्हा तिने कातावयास आरंभ केला. दुपारपर्यंत चरखा चालवावा, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर टकळीवर तलम सूत काढावे. विणकर दारी येऊन तीन तोळ्यांस एक रुपया देत, मागितल्यास आगाऊही देत. तेवढ्यावर तिने तिन्ही मुलींची लग्ने केली आणि सासऱ्याच्या श्राद्धास ४४ रुपये खर्चिले.

पुढे विणकर येईनासे झाले. सूत बाजारात पाठविले तर पूर्वीच्या चौथाई किमतीसही कोणी घेईना. विचारता कळले की विलायती सूत आले आहे, तीन-चार रुपये शेर. शेराचे तोळे ऐंशी; तिच्या जुन्या भावाने शेरास किती पडत, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. इंग्लंडात सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ साली कातण्याचे नवे यंत्र सिद्ध केले होते, आणि हे पत्र छापले गेले तोपर्यंत तशा एकेका यंत्रावर शेकडो चात्या वाफेच्या जोराने फिरत होत्या. शांतिपुरात हे कोणी तिला सांगितले नसावे. भाव ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. विलायतेचे लोक सारे श्रीमंत असतील असे तिला वाटत आले होते. आता तिची खात्री झाली की आपल्याहूनही दरिद्री बायका तिकडे आहेत, आणि घरी गिऱ्हाईक मिळेना म्हणून त्यांनी एवढ्या कष्टाचे सूत समुद्रापार धाडले आहे. तिला त्यांची दया आली.