न बोलता वाचणारा मुलगा

आपल्याकडे वाचता येतं म्हणजे मोठ्याने वाचून दाखवता येतं, असंच धरलं जातं. पालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवताना मीही तसंच घेत असे. माझ्या नातवाच्या बाबतीत मात्र ही फूटपट्टी चालेना. तो स्वमग्न आहे. स्वतःहून फार कमी बोलतो. ऐकलेली वाक्यं मात्र जशीच्या तशी म्हणतो. वर्गात 'क' दाखवून विचारलं की गप्प. वहीवर शेरा आला, 'अक्षरओळख नाही.'

घरी मला वेगळंच दिसत होतं. फणसवाडीतल्या आमच्या खोलीत कालनिर्णय टांगलेलं असतं. १९७३ सालापासून निघणारं हे कॅलेंडर मराठी घरांत नवं नाही, पण नातवाचं त्याच्याशी खास सख्य. पौर्णिमा कुठे, एकादशी कुठे, तो बरोबर बोट ठेवायचा. आमच्या थेरपिस्ट ताई म्हणाल्या, "आजी, त्याला जे आवडतं तिथूनच सुरुवात करा." मी जुनी पानं कापून वारांच्या चिठ्ठ्या केल्या. "शनिवार दे," म्हटलं की तो ढिगातून नेमकी चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायचा. तोंडातून शब्द नाही, पण उत्तर बरोबर.

मग 'सोमवार', 'मंगळवार', 'बुधवार' यांतला 'वार' कात्रीने वेगळा केला. तुकडे जुळवायला त्याला फार आवडायचं. 'रविवार'शी आल्यावर मात्र गाडी अडली. 'व' आणि पहिली वेलांटी सुटी करून दिली, तर तो वेलांटी 'व'च्या पुढे ठेवी. त्याचं बरोबरच होतं: 'इ' कानाला नंतर ऐकू येते, कागदावर मात्र वेलांटी आधी काढतात. म्हणून ती फोड सोडली आणि र, वि, वा, र अशी चार पूर्ण अक्षरं दिली. ती त्याने क्रमाने लावली. त्यानंतर बाराखडी पाठ करून घेण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या शब्दांतलीच अक्षरं दुसऱ्या शब्दांत शोधायला लावली. 'वार'मधला 'वा' 'वाटी'त सापडला, 'र' 'घर'मध्ये.

पण काही स्वमग्न मुलं भराभर वाचतात आणि अर्थ मात्र लागत नाही, असंही होतं. त्यामुळे चिठ्ठ्यांवर कामं लिहायला लागले: 'चपला घाल', 'आईला पाणी दे'. तो वाचून उठला आणि पाणी दिलं, म्हणजे कळलं. आणखी काही विचारायची गरज नव्हती.

या वाचनाचा खरा उपयोग गणेशोत्सवात दिसला. ढोलताशा त्याला सहन होत नाही. कानांवर हात दाबून तो थरथरतो. त्या वर्षी मी आदल्या दिवशीच भिंतीवर लिहून लावलं: 'उद्या ढोल वाजणार. आपण आतल्या खोलीत बसू. मग ढोल थांबणार.' त्याने ते पुन्हापुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी लांबून पहिला ठोका ऐकू येताच स्वतः उठून कानांवरचे हेडफोन घेतले आणि आत जाऊन बसला. आवाज तितकाच होता, भीती मात्र निम्म्यावर आली होती. पुढे काय होणार हे आधी कळणं त्याच्यासाठी फार मोठा आधार आहे, आणि बोललेला शब्द हवेत विरला तरी लिहिलेला भिंतीवर राहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना घराजवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही तो देतो. पण प्रवेश मिळाला तरी वर्गातली परीक्षा तोंडीच राहिली, तर अशी मुलं शून्यावरच राहणार. शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: 'वाचून दाखव' याच्या जोडीला 'बोट ठेव', 'जुळव', 'चिठ्ठी दे' हेही विचारा. मूल बोलेल तेव्हा बोलेल. वाचायला शिकवण्यासाठी त्याची वाट पाहू नका.