दोन बोटांचे कलम

नोकरीत असताना मी न वाचता कधी एका कागदावर सही केली नाही. साहेबांची घाई असो की चहा निवत असो. आधी कागद, मग सही. या बाण्यापायी कचेरीत मला 'खडूस' ही पदवी मिळाली होती, आणि खरे सांगायचे तर मला ती आवडतही असे. एवढे सांगितले म्हणजे पुढची हकीकत सांगताना माझी मान खाली का जाते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

२ जानेवारी २०२४ चा दिवस. नाशिकला आमच्या घराजवळच्या पेट्रोलपंपावर मी स्कूटर घेऊन रांगेत उभा होतो. ट्रक-टँकरवाल्यांनी चाके थांबवली होती. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघत नव्हते, आणि उद्या पेट्रोल मिळणार नाही म्हणून सारे गाव आजच पंपावर लोटले होते. रांग म्हणजे आपल्याकडची बिनखर्चाची व्याख्यानमाला. त्या दिवशीचा विषय एकच : नव्या कायद्यात अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षे कैद आणि सात लाख रुपये दंड. माझ्या पुढच्याने हे माझ्या मागच्याला सांगितले, आणि मी मधे असल्यामुळे ते ज्ञान माझेही झाले. दीड तासात मी या विषयातला तज्ज्ञ झालो. (पेट्रोल मात्र दोनशे रुपयांचेच मिळाले.)

घरी आलो तो वाड्यातला टेम्पोवाला ओट्यावर बसलेला. स्वतःचा टेम्पो, कर्जाचे हप्ते अजून चाललेले, दोन मुली शाळेत. हातात 'काळा कायदा रद्द करा' अशा मथळ्याचे निवेदन.

"काका, तुम्ही शिकलेली माणसं. सही करा. आणि मला सांगा, कायद्यात खरंच तसं लिहिलंय?"

"लिहिलंय म्हणजे काय? दहा वर्षं आणि सात लाख!" मी ठणकावले, आणि खिशातले पेन काढून झोकात सही ठोकली.

संप त्याच रात्री मिटला. केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेला सांगितले की, हे कलम अजून लागू नाही, आणि लागू करण्यापूर्वी तुमच्याशी बोलू. पण कायदा होता तेथेच होता. दोन दिवसांनी कळले की टेम्पोवाल्याने टेम्पोला गिऱ्हाईक पाहिले आहे.

"सात लाख मी कुठून आणणार, काका? टेम्पोच तेवढ्याचा नाही," तो म्हणाला, आणि इतक्या शांतपणे म्हणाला की मला त्याच्याकडे बघवेना. ते सात लाख मीच त्याला दिले होते. पेट्रोलच्या रांगेतून आणून.

त्या रात्री नातीला शेजारी बसवून तिच्या संगणकावर भारतीय न्याय संहिता काढली. कलमे ३५८, हवे होते ते १०६ वे, त्यातले दुसरे पोटकलम. छापून घेतले तर दोन बोटे मजकूर. पहिला मसुदा लोकसभेत आला ११ ऑगस्ट २०२३ ला, राष्ट्रपतींची संमती २५ डिसेंबरला. मधल्या चार महिन्यांत मी वर्तमानपत्रातले शब्दकोडे एकदाही चुकवले नव्हते.

बेदरकारपणे व हयगयीने वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवला, आणि घटनेनंतर लवकर पोलिसाला किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता जो पळाला, त्याला दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. 'पर्यंत' हा शब्द रांगेत कोणी उच्चारला नव्हता. आणि दंडाचा आकडाच नव्हता! मी तीनदा शोधला. सात लाख कोठेही नाहीत.

सकाळी त्याला ओट्यावर बसवून मी सावकाश वाचून दाखवले. तो शब्दाशब्दाला थांबवू लागला.

"लवकर म्हणजे किती लवकर? घाटात फोनला रेंज नसते. आणि लोक मारायला धावले म्हणून मी पळालो, ते थेट पोलीस ठाण्यात गेलो, तर मी पळालो की कळवलं?"

मी पुन्हा वाचले. पळणे आणि न कळवणे या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. तेव्हा ठाणे गाठणारा यातून सुटावा, असे मला वाटले. मग उरते पहिले पोटकलम, पाच वर्षांपर्यंत कैदेचे.

"आधी किती होती?"

"जुन्या ३०४-अ मध्ये दोन."

"म्हणजे न पळणाऱ्याची पण दोनाची पाच झाली की! हे का कोणी बोललं नाही?"

काय उत्तर देणार? मी पेन काढले. आम्ही दोघांनी बसून नवे निवेदन लिहिले : 'लवकर' म्हणजे किती वेळ ते लिहा, फोनवर कळवले तर चालेल का ते लिहा, आणि दोनाची पाच का केली तेही सांगा. त्याला उत्तर आले नाही. पुढे २३ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने बाकीची संहिता १ जुलैपासून लागू करताना हे एक पोटकलम तेवढे बाजूला ठेवले. त्यात आमच्या कागदाचा वाटा आहे असे मी म्हणत नाही. टेम्पो मात्र विकला गेला नाही.

निवेदन पाकिटात घालता घालता त्याने ते दोन बोटांचे कलम पुन्हा मागून घेतले.

"काका, यात ट्रक-टेम्पो असं कुठं लिहिलंय?"

मी चश्मा लावून पाहिले. नुसते 'वाहन' होते.

त्याने अंगणातल्या माझ्या स्कूटरकडे पाहिले. मग माझ्याकडे.