समान भार

आमच्या एकत्र कुटुंबाच्या जीपगाडीचें चालणें २ लक्ष २५ हजार किलोमीटर झालें आहे. गेल्या हिवाळ्यापासून वेग वाढला कीं मागील आंसांतून घूं असा आवाज येऊं लागला. मिस्त्रीनें तेल काढून पाहिलें, तों त्यांत लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. "गुरुजी, डिफरन्शियल उघडावा लागेल," असें सांगून त्यानें अंदाज लिहून दिला: क्राऊन व पिनियन १३ हजार, बेअरिंगें व सील ६ हजार, मजुरी ७ हजार, तेल व किरकोळ २ हजार, एकूण २८ हजार रुपये.

एवढ्याशा यंत्रास इतका खर्च कां? क्राऊन म्हणजे मोठें दंतचक्र व पिनियन म्हणजे त्यास फिरविणारें लहान. हीं दोन्हीं कारखान्यांत जुळवून जोडीनेंच तयार होतात. म्हणून एकाचे दांत झिजले तरी दोन्हीं बदलावीं लागतात. दांतांमधील फट पातळ चकत्या घालून मिलिमीटरच्या शतांशांत बसवावी लागते. ती चुकली तर नवी जोडीही लवकरच जाते. मजुरी आहे ती या कौशल्याची. मोडींतल्या गाडीचा डिफरन्शियल १४ हजारांत मिळत होता. पण त्यानें किती वाट तुडविली, हें कोण सांगणार?

खरा तंटा निराळाच होता. "आम्ही वर्षांतून दोनदां गाडींत बसतों, मग वांटा सारखा कां?" असें धाकट्या बंधूंनीं पुण्याहून विचारलें. त्यांचें म्हणणें अगदींच गैरवाजवी नव्हतें. घरांत वडील मी. निवाडा मजकडे आला.

मीं त्यांस त्या यंत्राचें कार्यच लिहून कळविलें. वळणावर बाहेरील चाकास लांबचा पल्ला पडतो, आंतील चाकास जवळचा. डिफरन्शियल दोघांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देतो, परंतु जोर मात्र समान वांटतो. त्यांतील एक चाक चिखलांत नुसतें गरगरूं लागलें, तर दुसऱ्याचाही जोर जातो आणि गाडी जागच्या जागीं अडते. सबब, डिझेल ज्याच्या त्याच्या फिरण्याप्रमाणें. आंसाचा खर्च समान.

आठ दिवसांनीं धाकट्या भावजयीनें पैसे पाठविले. त्यांत बंधूंच्या वांट्याहून ५०० रुपये अधिक होते. "तेल वेळच्या वेळीं बदलण्यासाठीं," असें तिनें लिहिलें होतें. जुनी गाडी बाळगणाऱ्या गृहस्थांनीं या ५०० रुपयांचा हिशेब आधीं ठेवावा. २८ हजारांचा मग सहसा ठेवावा लागत नाहीं.