पाला सांगेल तेवढं पीठ

मेथीची फळं शिकायला बसलेली पोरगी पहिला प्रश्न ठरलेला विचारते. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीनंही तोच विचारला. "मामी, दोन वाट्या पिठाला पाणी किती?" घालायचंच नाही, म्हटल्यावर तिनं लिहून घ्यायला उघडलेला मोबाइल मिटला आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. या मामीला काही येतंय की नाही, असा तो भाव होता. मीही एकेकाळी सासूबाईंना हेच विचारलं होतं. "पाण्याचं मला नको इचारू, पाल्याला इचार की," एवढंच उत्तर मिळालं होतं.

फळं म्हणजे झाडाची नव्हेत, वरणातलीही नव्हेत. आमच्या सोलापूर, धाराशिव, लातूर पट्ट्यात ज्वारीच्या पिठात पालेभाजी मळून, चपटे गोळे करून वाफेवर उकडतात, ती ही फळं. कुणी त्यांना मुटके म्हणतं. हॉटेलात मिळत नाहीत, लग्नाच्या पंगतीत वाढत नाहीत. थंडीत मंडईत मेथी स्वस्त झाली की घराघरांत होतात आणि गरम आहेत तोवर संपतात.

मोठ्या जुडीतून निवडून, धुऊन, बारीक चिरलेला चार वाट्या पाला परातीत घ्यायचा. धुतल्यावर तो चाळणीत चांगला निथळू द्यायचा, नाहीतर पाला सांगतो ते नळाचं पाणी असतं. मग मीठ चोळून दहा मिनिटं सोडून द्यायचा. या दहा मिनिटांत बाकी काही करू नका, नुसतं बघा. ताठ उभा असलेला ढीग बसत जातो, पानं काळपट हिरवी होतात आणि परात तिरकी केली की कडेला हिरवट पाण्याची रेघ जमते. फळांना लागणारं पाणी ते एवढंच. त्यात लसूण, हिरवी मिरची आणि जिऱ्याचा ठेचा, तीळ, हळद, हातावर चोळलेला ओवा, पळीभर तेल. मग ज्वारीचं पीठ मूठमूठ घालत जायचं. सहसा दोन वाट्या लागतं, आणि अर्धी वाटी बेसन. पण जानेवारीतली कोवळी मेथी जास्त पाणी सोडते, ती अडीच वाट्याही मागते. फेब्रुवारी संपताना दांडा जून झालेला असतो, तेव्हा दीड वाटीतच हात थांबतो. थांबायचं कधी, तर मूठ वळून उघडल्यावर गोळ्यावर पाचही बोटांचे ठसे स्पष्ट राहिले पाहिजेत आणि कड चिरता कामा नये. हाताला चिकटलं तर पीठ कमी आहे. चिरलं तर जास्त झालंय, आणखी मूठभर पाला चिरून घाला, तांब्याकडे हात नेऊ नका. वरून पाणी घातलेली फळं उकडून निघतात, पण त्यांना पिठाचा वास येतो आणि मेथी लांब कुठेतरी राहते.

पीठ मात्र ताजं हवं. दळून चारआठ दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना चिरते आणि फळं वाफेत उकलतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाही, त्यामुळे विरी गेली की धरून ठेवायला काही उरत नाही. बेसन घालायचं ते थोडं त्यासाठीही. आमच्याकडे मालदांडी आणतात. मालदांडी 35-1 ही जुनी निवड सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारी आता गव्हापेक्षा महाग पडते, हे दुकानदार दर महिन्याला न चुकता ऐकवतो.

गोळा तळहातावर दाबून बोटभर जाडीचा करायचा आणि मधोमध अंगठ्यानं खळगा पाडायचा. भाचीला तो नक्षी वाटला. खळग्यामुळे मधला भाग पातळ होतो, वाफ तिथंही वेळेत पोचते. नाहीतर कडा शिजून घट्ट होतात आणि पोटात कच्चं राहतं.

माहेरी आजी पातेल्यात तळाला पाणी घालून त्यावर कडब्याची चिपाडं आडवी-उभी रचायची आणि त्यांच्यावर फळं मांडायची. ज्वारीची फळं ज्वारीच्याच ताटांवर. चिपाडांचा किंचित गोडसर वास फळांना लागायचा. आता माझ्याकडे मोदकपात्र आहे, तो वास गेला. दोन गोष्टी मात्र मी सोडलेल्या नाहीत. झाकणाला खालून सुती फडकं बांधायचं, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी फळांवर ठिबकत नाही. ठिबकलं तर वरची साय चिकट होते. आणि तळच्या पाण्यात एक नाणं टाकायचं. पाणी उकळतं तोवर ते खुळखुळत राहतं. आवाज बंद झाला की पाणी आटलं. मोठ्या आचेवर भांडं करपलं की तो वास थेट वरच्या फळांत शिरतो. वाफ धरल्यावर पंधरा मिनिटं, जाड असतील तर वीस, आणि गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. लगेच काढलेली फळं चाळणीला चिकटतात. तांब्याभर पाण्यात तीन घाणे निघतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे मला फार पटतं.

वाफेवरचं खाणं म्हटलं की लोकांना कोकण आठवतं. आमच्या गावातही ते कमी नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडतात. मेथी चिरावी लागते म्हणून फळांना त्या दिवशी सुट्टी. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत गणेश चतुर्थीला कुडुमुलू होतात, कानडी घरांत कडबू. वेळ अमावस्येला अक्कलकोट, बार्शीकडचे लोक शेतात जेवायला जातात. तिथं भज्जी आणि आंबिलीबरोबर उकडलेले उंडे असतात. त्यांत पाला नसतो, सगळ्या भाज्या भज्जीत गेलेल्या असतात.

भाचीला खरं तर मोमो हवे होते. तिकडे गाडीवर खाते, इथं घरी करायचे म्हणाली, पण मैद्याचे नकोत. मग दुसऱ्या दिवशी ज्वारीचे करायला बसलो. कोबी आणि गाजर किसून, मीठ लावून, फडक्यात पिळलं. ती पिळलेलं पाणी ओतायला निघाली, तिचा हात धरला. त्याच पाण्यात थोडं साधं पाणी घालून वाटीभर केलं, चमचाभर तेल टाकून उकळलं आणि त्यात वाटीभर पीठ घालून उकड काढली. मीठ आधीच आलेलं होतं. उकड गरम असतानाच मळली, कारण ज्वारीची उकड निवली की रुसते. सारण कोरडं आणि पारी भाजीच्या चवीची. मैद्याच्या पारीला पाडतात तशा चुण्या ज्वारीला पाडायच्या फंदात पडू नये, ताणलं की ती फाटते. आम्ही पारीची सरळ अर्धी घडी घातली, कडेला ओलं बोट फिरवलं आणि दाबली. वाफेवर दहा मिनिटांत झाले. दिसायला करंजीची गरीब बहीण, पण चव चांगली होती. फक्त पानात पडताक्षणी खायला हवेत, गार झाल्यावर ज्वारी कडक होते. लाल तिखट चटणी तिची, शेंगाची चटणी माझी. बशीतली शेंगाची आधी संपली एवढंच सांगते.

वाफवलेलं म्हणजे पथ्याचं, असं हल्ली जो तो म्हणतो. फळांच्या बाबतीत तरी मला ते मान्य नाही. गरम फळ हातानं फोडायचं, त्यावर घाण्यावरचं कच्चं करडईचं तेल सढळ धार धरून ओतायचं आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाची चटणी वर घ्यायची, ही त्याची रीत आहे. कढईतलं तेल वाचतं ते ताटात येतं. ज्यांना तेल नकोच त्यांनी दह्याशी खावं, पण मग मेथीचा कडूपणा जरा पुढं येतो.

उरली तर सकाळी सुरीनं काचऱ्या करून मोहरी, कढीपत्ता आणि भरपूर लसणाच्या फोडणीत परतते, कडा लाल होईपर्यंत. आमच्या घरी काहींना हीच जास्त आवडतात. त्यांच्यासाठी मी रात्री चार फळं स्टीलच्या डब्यात घालून वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं ठेवते. भाचीला ती जागा दुसऱ्याच दिवशी सापडली.