एक दाढ गेली, एक राहिली

मैत्रिणींनो, दात घासताना ब्रशला रक्त लागलं तर तुम्ही काय करता? मी चूळ भरायची आणि चहाचं आधण ठेवायची. दुखत तर काही नव्हतं! मुलांच्या दाताला कीड दिसली की धावत डॉक्टरकडे. स्वतःचं मात्र 'बघू दिवाळीनंतर'. अशा चार दिवाळ्या गेल्या.

दाढा हलू लागल्या तेव्हा कुठे गेले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. कीटणातल्या जंतूंमुळे हिरडी सुटली होती, दाढांभोवतीचं हाड झिजलं होतं. एक दाढ काढावीच लागली. "शेजारची वाचवून बघू," त्या म्हणाल्या, "तुमच्याच रक्तानं!"

मी चक्रावलेच. मग त्यांनी नीट समजावलं. १९६५ साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट या डॉक्टरांनी क्षार काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे चक्क नवं हाड तयार झालं! हाडातली काही प्रथिनं पेशींना 'वाढा' असा निरोप देतात, हे त्यातून पुढे कळलं. रक्तातल्या प्लेटलेट्समध्येही वाढीला चालना देणारी प्रथिनं असतात. जखम भरते ती त्यांच्याच मदतीनं. प्रयोगशाळेत बनवलेलं असं एक प्रथिन २००५ साली अमेरिकेत हिरड्यांच्या उपचारासाठी मंजूर झालं. पण ते महाग. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली मांडलेली रीत त्यामानानं स्वस्त.

माझ्या हातातून थोडं रक्त घेऊन लगेच यंत्रात गरगर फिरवलं. खरवसासारखा पिवळसर गोळा तयार झाला. हिरडी उघडून, दाढेचं मूळ खरवडून साफ केलं, खड्ड्यात तो गोळा ठेवला आणि टाके घातले.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. खड्डा बराचसा भरला होता, पूर्ण नाही. दाढ हलायची थांबली.

पण ही जादू नव्हे हं! अरुंद, खोल खड्डा असेल तर गुण येतो. सगळीकडून सपाट झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. मधुमेह आटोक्यात हवा. मिश्री, तंबाखू चालू असेल तर उपचार फारसा लागू पडत नाही. आणि रोजची स्वच्छता नसेल तर केलेलं सगळं पाण्यात.

गेलेल्या दाढेच्या जागी अजून जीभ जाते. रक्त दिसलं त्याच आठवड्यात गेले असते तर नुसत्या साफसफाईवर भागलं असतं. तुम्ही दिवाळीची वाट पाहू नका.